जुईची सायकल हलकी करताना

तर आमचं गाव कुडाळच्या पलीकडे, म्हणजे म्हणायला गाव आमचं, मी जन्मलो इथेच अंधेरीला, मरोळच्या चाळीत, आणि वाढलोही तिथेच. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे इथल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले आणि उभे राहून राहूनच गेले. मी कुरिअर कंपनीत आहे, पत्ते वाचायचे आणि पाकिटं वेगळी करायची. सगळ्या मुंबईचे पत्ते मला पाठ आहेत ताई, आणि स्वतःच्या घरातलं मला सगळ्यात शेवटी कळतं. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे, पण बरोबर आहे म्हणून मीच ते सगळ्यांना सांगत फिरतो.

ठेवा फोन तिथेच टेबलावर, होऊ दे रेकॉर्ड. फक्त मी इकडचं तिकडे जातो, तेवढं सांभाळून घ्या.

बायको म्हणजे शुभा. ती माझ्या मामाची मुलगी. आमच्यात हे चालतं, चालतं काय, मानाचं समजतात. माझ्या आईने मी विशीत असतानाच सांगून टाकलं होतं की सून आणीन तर भावाचीच, परक्या घरातला चेडू, म्हणजे पोरगी, कित्याक हाडूचा, आपला दूध आपल्याच घरात ऱ्हवांदे. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की मी शुभाला करवंदं देतो सांगून रिकामी मूठ दाखवायचो, तिने एकदा मला विहिरीजवळ ढकललं होतं, आणि एके दिवशी तीच समोर मुंडावळ्या बांधून उभी. लग्नात मी हसलो म्हणून मामाने, म्हणजे आता सासऱ्याने, मला सगळ्यांसमोर दम दिला. शुभा माझ्या आईला सासूबाई वगैरे कधी म्हणालीच नाही, जन्मापासून आत्या म्हणायची तशीच आत्या म्हणत राहिली, आत्या चहा टाकू, आत्या मासे आणले. चाळीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्यात भांडणच नाही गं, मजाच नाही. हे आत्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची जुई त्याच घरात झाली, आणि ती शाळेत जायला लागली तोवर चाळ पाडून ही बिल्डिंग उभी राहिली, आम्हाला सहावा मजला मिळाला. लिफ्ट आहे. आहे म्हणजे दिसते.

जुईला सायकल हवी होती ती मोठ्या दाताच्या टायरांची, डोंगरावर चालवतात ती. आता आमच्याकडे डोंगर कुठला, पण मागे आरे आहे ना, तिथले चढउतार म्हणजे बिल्डिंगमधल्या पोरांचा हिमालय. आठव्या वाढदिवसाला आणली. नारिंगी रंग, पुढे दोन जाड शॉकअप, एकवीस गिअर, दुकानदार म्हणाला झकास चॉइस आहे साहेब. मी खूश. घरी आणून उचलली तेव्हा कळलं की लोखंडाचं कपाट घेतलंय. पण मी कुणाला बोललो नाही, वर चढवताना धापा टाकत सगळ्यांना सांगितलं की वजन आहे म्हणजे माल चांगला आहे.

त्या वर्षी दसऱ्याला सायकलीची पूजा केली. आमच्याकडे वडील होते तोवर ते गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे घरातला मोठा माणूस उभा राहून देवाला मोठ्याने सांगतो, काय केलंय, काय हवंय, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच वर्षी वाट लावली, मधेच शब्द विसरलो, मग हसू आलं, देवाला वाटलं असेल हा माझं पार्सल शोधतोय. तेव्हापासून आई घालते. गावच्या लोकांनी नाकं मुरडली, बाईमाणूस गाऱ्हाणा घालता? आई म्हणाली, देव काय मिशीवाल्यांचाच आयकता काय रे? विषय संपला. तर त्या दसऱ्याला आईने सायकलीला झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि म्हणाली, बा देवा म्हाराजा, माज्या नातीच्या पायात वाऱ्याचा बळ दी. आम्ही सगळे ओरडलो, व्हय म्हाराजा.

पुढच्या वर्षापासून जुई मागे पडायला लागली. रविवारी सकाळी पोरं आरेला जायची, मी मागून चालत, आणि चढ आला की सगळी पोरं पुढे आणि आमची बाई खाली उतरून सायकल ढकलतेय. आधी तीच सगळ्यांच्या पुढे असायची हो. मला म्हणाली, बाबा, सायकल जड आहे. मला ते लगेच पटलं, कारण ती मीच उचलली होती ना.

मरोळ नाक्याजवळ इरफानभाईंचं सायकलचं दुकान आहे, दुकान म्हणजे दोन सायकली आत आणि बाकी फुटपाथवर. त्यांनी सायकल दोन बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाले, सुधीरभाई, ये शॉकअप नहीं है, ये शो है. ते काढून त्यांनी पुढचं चाक धरणारा अल्युमिनियमचा साधा फोर्क बसवला, जाड टायर काढून हलके टायर टाकले. सायकल खरंच हलकी झाली, मी एका हाताने उचलून शुभाला दाखवली. त्या रविवारी जुई अर्धा चढ चढली, म्हणाली, बघा, सायकलच होती. मी दिवसभर मिरवलो.

मग काही महिन्यांनी पुन्हा तेच. इरफानभाई म्हणाले, पीछे का गिअर छोटा है, मोठी चकती टाकू म्हणजे पाय हलका पडेल. टाकली. मग गिअर बदलायला मूठ पिळावी लागायची, ती तिला पिळवेना, म्हणून अंगठ्याने दाबायचा खटक्याचा गिअर बसवला. मला त्या सगळ्याचा नाद लागला ताई, खोटं कशाला सांगू. डब्यातली पोळी खाता खाता मी मोबाइलवर पेडल बघायचो. ऑफिसातले म्हणायचे, सुध्या, पोरीला काय ऑलिंपिकला पाठवतोस काय रे. बिल्डिंगची पोरं सायकलीभोवती गोळा व्हायची, काका, काय भारी केलीय यार, माझ्या पप्पांना पण सांगा ना. सोसायटीतली सगळ्यात भारी सायकल, आणि सगळ्यात हळू चालणारी.

घरात ती जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकून, मांडीवर हात चढवत चढवत उठायची. मी तसाच उठतो, हे पोट घेऊन. आई हसायची, अगो, बापाशीची नक्कल करता. मीही हसायचो. जुईही हसायची, आणि पुन्हा तशीच उठायची.

मग ते तबेल्याचं झालं. आरेत एका उतारावर ती सुटली ती सुटलीच, मी मागून ओरडतोय ब्रेक दाब, ब्रेक दाब, आणि ती वळणावर सरळ जाऊन तबेल्याबाहेरच्या हिरव्या गवताच्या ढिगात घुसली. भय्या काठी घेऊन धावत आला आणि तिला बघून काठी टाकून हसायला लागला, कारण गवतातून फक्त हेल्मेट दिसत होतं, आणि एक म्हैस अगदी शांतपणे त्या हेल्मेटजवळचं गवत खात होती. जुईला खरचटलं पण नाही. घरी हा किस्सा मी म्हशीच्या आवाजासकट सांगितला. फक्त शुभा हसली नाही. तिने विचारलं, ब्रेक का नाही दाबलास? जुई म्हणाली, दाबला गं, दाबला गेला नाही.

मी म्हटलं, तारेचा ब्रेक जुना झाला, घट्ट झाला असणार. इरफानभाईंनी ऑइलचा ब्रेक टाकला, चकतीवाला, एका बोटाने दाबता येतो तो. त्या दिवशी शुभा पहिल्यांदा दुकानात आली होती. इरफानभाईंनी ब्रेक दाबून दाखवला, देखो, मख्खन. मी दाबला, मख्खन. जुईने एक बोट लावलं, मग दोन, मग दुसरा हात आणून दोन्ही हातांनी दाबला. इरफानभाई जरा गोंधळले, पुन्हा पाना घेतला, मग ठेवला आणि मला म्हणाले, अब तो बदलने को सिर्फ घंटी बची है, सुधीरभाई. मी हसलो. मी नेहमी असाच चुकीच्या ठिकाणी हसतो. शुभाने जुईचा हात धरला आणि म्हणाली, चला, डॉक्टरकडे.

आता डॉक्टरांचं सगळं सांगत नाही, तुम्हाला कंटाळा येईल आणि मला ते नीट येतही नाही. बऱ्याच ठिकाणी फिरलो, कुणी कॅल्शियम दिलं, कुणी म्हणालं मोबाइल कमी करा. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, शांत बोलणाऱ्या. जुईने आजीचा हात सोडला नाही म्हणून आईसुद्धा आत आली होती. त्यांनी जुईला जमिनीवर बसवलं आणि म्हणाल्या, ऊठ बघू बाळा. ती उठली, गुडघ्यावर हात, मांडीवर हात. त्यांनी एकदाच बघितलं, आणि मान खाली घालून आम्हाला विचारलं, तुम्ही दोघं लग्नाआधीपासून नात्यातले का?

मी आणि शुभा काही बोलायच्या आत आई म्हणाली, तर! माज्या सख्ख्या भावाचा चेडू हा. मीच जमवलंय. अगदी ताठ मानेने म्हणाली, तिला वाटलं घराण्याचं विचारतात.

मग रक्त दिलं, रिपोर्ट यायला वेळ लागला, आणि पुन्हा त्याच खोलीत त्यांनी समजावून सांगितलं. हळूहळू स्नायूंतली ताकद जात राहते. आधी पाय, कंबर, मग हात. औषध असं काही नाही, पण जपलं तर बरेच दिवस निभतं. दोघांच्या रक्तात एकच बारीक खोट असते, एरवी ती दिसत नाही, एकाच घराण्यातले दोघं एकत्र आले की मुलात उतरू शकते. त्या पुनःपुन्हा म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही, असं लग्न केलेल्या कित्येकांची मुलं धडधाकट असतात, आणि तुम्ही दोन वर्षं आधी आला असतात तरी वेगळं काही झालं नसतं. मी ते शेवटचं वाक्य धरून बसलो. आईने कुठलं धरलं ते मला घरी आल्यावर कळलं. तिने चप्पल काढली, तिथेच दारात बसली आणि म्हणाली, ती बाय तेव्हा ता कित्याक इचारी होती, माका आता समाजला.

शुभा भांडली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, आई, चहा ठेवलाय. आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय सांगू तुम्हाला, बाहेरच्या माणसाला वाटेल काय प्रेमाने बोलली, सून सासूला आई म्हणाली. माझी आई तो चहा हातात धरून बसून राहिली, प्यायली नाही.

सायकलचं काय, असं तुम्ही विचाराल. मी डॉक्टरीणबाईंना पहिलं तेच विचारलं, आणि शुभाने माझ्याकडे असं बघितलं की मी आता विहिरीत जाणार. पण त्या म्हणाल्या, चालवू दे, सपाट रस्त्यावर, दमायच्या आत थांबायचं. म्हणजे सायकलीचं काम पुन्हा सुरू झालं. आधी आम्ही तिला पुढे काढायला पार्ट बदलायचो, आता ती सायकलवर राहावी म्हणून. पेडलचे दांडे आखूड केले, गुडघा कमी वर यावा म्हणून. सीट इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. ब्रेकची मूठ स्क्रूने अगदी जवळ आणली, तिच्या बोटाशी. इरफानभाई आता विनोद करायचे नाहीत, ते मला जास्त लागायचं. मी म्हणायचो, काहीतरी बोला हो, तर म्हणायचे, हां, बोलता है, पाना पकडो.

मग पाय दांडीवरून पलीकडे जाईना. त्यावर आमची आमची युक्ती होती. सायकल जमिनीवर आडवी टाकायची, जुईने त्यात उभं राहायचं आणि मी तिच्यासकट सायकल उभी करायची, उंट उठतो तशी. ती वरून म्हणायची, चलो उंटवाले. आरेच्या रस्त्यावर लोक बघायचे. एकदा मी तिला न सांगता बाजूची दोन छोटी चाकं लावून आणली. ती बघत राहिली. बाबा, मी काय बालवाडीत आहे? काढ. मी काढली. बापाचं पोरगी ऐकत नाही ही घराघरातली तक्रार आहे, पण त्या दिवशी ती मला ओरडली याचं मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

सायकल बंद झाली ती अशीच एका रविवारी. काही पडली बिडली नाही. सपाट रस्ता, सकाळ, बस मागून येत होती म्हणून मी म्हटलं कडेला घे. तिने घेतली, ब्रेक दाबला, पाय टेकला आणि गुडघा वाकला तो वाकतच गेला, सायकलीसकट हळूच खाली बसली, कुणी बसतं तशी. मी धावलो. ती रडत नव्हती. म्हणाली, बाबा, आता बास. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. ती म्हणाली, नको रे, तू दमतोस. बारा वर्षांची पोर, मला दमतोस म्हणाली. मग म्हणाली, पण विकायची नाही.

रिक्षात सायकल बसेना आणि पोरीला चालवेना. मी तिला सीटवर बसवलं आणि ढकलत घरी आणलं. त्या दिवशी लिफ्ट चालू होती, तेवढा देव पावला.

मग खुर्ची आली, चाकांची. मी ठरवलं की खुर्चीला सायकलचे टायर घालायचे, आरेत खडी आहे ना, चोवीस इंच तेही आणि चोवीस इंच हेही, मला वाटलं काय डोकं आहे आपलं. इरफानभाईंनी टायर चाकावर धरून दाखवला, चढतच नव्हता. इंच एकच लिहितात, रिंग वेगळी असते म्हणाले. मी टायर गळ्यात घालून उभा, माळ घातल्यासारखा. जुई खुर्चीत बसून इतकी हसली की इरफानभाईसुद्धा हसले, कितीतरी दिवसांनी. मग आत गेले आणि एक पितळी घंटी घेऊन आले, खुर्चीच्या हाताला बसवली. म्हणाले, बोला था ना, घंटी बची है.

सायकल आता आत आहे, तिच्या पलंगाला टेकून. आधी हॉलमध्ये ठेवली होती, तिने आत मागून घेतली. मला वाटलं आठवण म्हणून. नंतर लक्षात आलं, शुभाच्या आधी आलं बरं का, आयुष्यात पहिल्यांदा. रोज सकाळी डोळे उघडले की ती पडल्या पडल्या हात लांब करते आणि ब्रेक दाबते. दाबला गेला की टिक असा आवाज येतो, बारीकसा. कधी पहिल्या झटक्याला येतो, कधी थांबून थांबून. मी इथे बाहेर दाढी करत असतो, नळ बंद करून ऐकतो. तिला माहीत नाही मी ऐकतो. माहीत असेलही.

गेल्या दसऱ्याला आईने गाऱ्हाणं घातलं नाही. म्हणाली, माज्या तोंडान मागितलेला देव आयकूचो नाय. मी नुसता नारळ फोडला, तोही तिसऱ्यांदा फुटला. या दसऱ्याला झेंडू आणला, सायकलीला घातला, खुर्चीला घातला, आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी मनात शब्द जुळवत होतो आणि मला घाम फुटला होता. तेवढ्यात शुभा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, आत्या, उठा. गाऱ्हाणं घाला.

आत्या म्हणाली. मी ऐकलं, आईने ऐकलं. आई उठली, तीही आता गुडघ्यावर हात टेकूनच उठते, आणि हात जोडून उभी राहिली. म्हणाली, काय मागू गो? पायाचा बळ... आणि थांबली. तेव्हा जुई म्हणाली, आजी, पाय राहू देत. हा ब्रेक दाबता येऊ दे म्हण. आणि लिफ्ट बंद पडू देऊ नको म्हण, आजीला पण लागते.

आईने डोळे मिटले आणि घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या हातात ह्यो बिरेक दाबूचा बळ ऱ्हवांदे. व्हय म्हाराजा, आम्ही म्हटलं. लिप चालू ऱ्हवांदे. व्हय म्हाराजा. आणि काय चुकला माकला आसात तर... पुढचं शुभाने पूर्ण केलं, ता पदरात घे रे म्हाराजा. मी व्हय म्हणायच्या आतच जुईने घंटी वाजवली.

तर हे असं आहे. फार काही मागत नाही आम्ही आता. चहा घ्या, गार झाला बघा, माझ्या बडबडीत. ती दुपारी जरा पडते, आता उठायची वेळ झाली तिची.

थांबा. एक मिनिट बोलू नका.

ऐकलंत? आतून आला तो. तोच. दाबला गेला.